बिननावाची पेटी

पिंपळकोंड, ता. तळा
२ एप्रिल २०२५

ऋत्विक,

आणि वर तुझ्या आईला तू सांगतोस, आत्याला उगाच राग येतो! उगाच? पाडव्याच्या दिवशी देवळाच्या ओट्यावर सगळ्या गावकीपुढं मला उभी केली. कडुलिंबाचा पाला अजून तोंडात कडू होता, आणि गावकीचा अध्यक्ष येसाजी म्हणतो, "रखमा, पुढं ये. तुझ्या फोनानं तुझं नाव सांगितलंय."

मला वाटलं म्हातारा भांग प्यालाय. पण गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी दयाराम खास त्याच कामाला मुंबईहून आलेला. खिशातून कागद काढला आणि चष्मा लावून वाचायला लागला, जशी काय पोथीच वाचतोय. अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक कंपनीचा फोन. मग वर बघून म्हणतो, "ह्या कंपनीचा फोन अख्ख्या गावात एकच हाय. रखमावैनीचा. तिच्या भाच्यानं दिवाळीत दिलेला."

भाचा म्हंजे तू. फोन तू दिलास. आणि तो कागदसुद्धा तूच दिलास, दयाराम सगळ्यांपुढं बोलला, "ऋत्विकनं काढून दिलाय."

गणपतीत मांडवात उभं राहून कोण बोललं होतं? तूच ना? गावाची वेबसाईट केली, त्यात सूचनापेटी हाय, नाव टाकायचं न्हाय, मनात असेल ते बिनधास्त लिवा. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, माझेच हात मोडले असते तर बरं झालं असतं.

आता शिमगा झाल्यावर त्या पेटीत कुणी तरी लिवलं, "पालखी ठमाबाईच्या दारात का थांबत नाही? तिच्या मुलीने रत्नपाल मास्तरांशी लग्न केलं, तर देव रुसला की गावकी?" एवढंच. शिवी न्हाय, काय न्हाय. लिवलं त्यात खोटं काय हाय? ठमाबाई एकटी विधवा बाई. दोन वर्षं दारात रांगोळी काढून, ताट घेऊन उभी ऱ्हाते आणि पालखी तिच्या अंगणाला वळसा घालून पुढं जाते. पोरीनं बौद्ध नवरा केला म्हणून.

पण ते मी लिवलं न्हाय! मी लिवलं असतं तर खाली माझं नाव टाकलं असतं, माझ्या बापाचं पण टाकलं असतं. मी येसाजीला तोंडावर बोलते, मला पेटी कशाला लागते?

कुणी ऐकलं न्हाय. बाईपेक्षा फोन खरा. निकाल काय दिला ऐक. अक्षय्य तृतीयेला देवळात नारळ ठेवून मी सगळ्या गावाची माफी मागायची. न्हाय तर वाळीत. आमच्याशी कुणी बोलायचं न्हाय, आमच्या दारी कुणी यायचं न्हाय. आणि अकरा मेला माझ्या मानसीचं लग्न हाय ह्याच अंगणात. मोठी भांडी गावकीची, मांडवाचे वासे गावकीचे, हळद दळायला बाया गावच्या. हळदीला काय माझ्या म्हशी येणार?

आमचे हे ओट्यावर मान खाली घालून बसले होते. महिपतरावांची मान लग्नापासून तशीच हाय, त्यांच्याकडून काय आशा न्हाय.

फोन मी तांदळाच्या कणगीत पुरून ठेवलाय. चुगलखोर मेला. त्याच्यासमोर मी आता खोकत पण न्हाय, म्हणून हा कागद. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर वाकडं हाय, तरी वाचता येईल.

मला एवढंच सांग. नाव टाकायचं न्हाय असं तू बोललास. मग दयारामाच्या कागदात मी कुठून आले?

रखमाआत्या

(आशीर्वाद ह्या खेपेला न्हाय.)


ऐरोली
८ एप्रिल २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. हे असं होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

आधी एक सांगतो, फोन कणगीतून बाहेर काढ. तो तुझं बोलणं ऐकून कुणाला सांगत नाही. प्रकार वेगळा आहे. फोनमध्ये आपण ज्यातून वेबसाईट उघडतो त्याला ब्राउझर म्हणतात. ब्राउझर एखाद्या वेबसाईटच्या दाराशी गेला की पान मागताना स्वतःची थोडी ओळख सांगतो. मी अमुक ब्राउझर, माझी आवृत्ती ही, फोन असा असा, मला अमुक भाषेतलं पान चाललं तर बरं. त्यावरून वेबसाईट ठरवते की पान कसं पाठवायचं. हे प्रत्येक वेळी होतं, आपल्याला न विचारता. हल्ली बरेच ब्राउझर फोनचं मॉडेल झाकून ठेवतात. पण तुला दिलेल्या फोनमध्ये कंपनीने स्वतःचाच ब्राउझर घातलाय, तो सगळं सांगून मोकळा होतो.

याशिवाय कुठल्या नेटवर्कमधून आलात त्याचा एक नंबर असतो, पण मोबाईलवर तो तुमच्या भागातल्या कितीतरी फोनना एकच मिळतो. त्यावरून माणूस कळत नाही. आणि पान उघडल्यावर पडद्याची रुंदी वगैरे बारीकसारीक गोष्टी वेबसाईटला विचारता येतात. मी ते ठेवलं होतं, कारण पान सगळ्यांच्या फोनवर नीट दिसतंय का ते मला बघायचं होतं.

म्हणजे आत्या, यात नाव कुठेच नाही. हे सगळं मिळून एक ठसा तयार होतो, इतकंच. दयारामकाकांनी विचारलं, "वेबसाईट किती लोक बघतात? मंडळाच्या सभेत सांगायचंय." मी आळस केला आणि सगळी नोंद जशीच्या तशी पाठवून दिली. ते त्यातून माणूस शोधत बसतील हे डोक्यातच आलं नाही. नाव मी दिलं नाही, त्यांनी अंदाज बांधला.

आता राग मानू नकोस, पण माझं ऐकशील तर नारळ ठेवून मोकळी हो. दोन मिनिटांचं काम आहे. मानसीचं लग्न तोंडावर आलंय. गावकीशी भांडून तुला काय मिळणार? लग्न झालं की मग बघू.

आणि मला तरी खरं सांग, तू लिहिलंस का? लिहिलं असशील तर मी कुणाला सांगणार नाही.

तुझा,
ऋत्विक


पिंपळकोंड
१४ एप्रिल २०२५

ऋत्विक,

तुझं पत्र मानसीकडून दोनदा वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं. तिन्ही वेळेला राग तेवढाच आला.

नाव न्हाय, ठसा हाय म्हणतोस! अरे शहाण्या, पावसात बांधावरून कोण गेलं ते मी चिखलातल्या पावलावरून सांगते. अनंता गिरणीवाला डावा पाय ओढतो. येसाजीची टाच खोल जाते. माझ्या जावेचं पाऊल बाहेर फिरलेलं. ह्यातल्या कुणी पावलाखाली नाव लिवलेलं असतं का? मुंबईत तुझा ठसा हरवत असेल. आमच्या चाळीस उंबऱ्यांच्या गावात ठसा म्हंजेच नाव. एवढं तुला कळलं न्हाय? तू ह्याच गावचा ना? का तुझी नाळ तिकडं ऐरोलीत पुरलीय?

आणि म्हणे अंदाज त्यांनी बांधला. चोराला घराची चावी द्यायची आणि वर म्हणायचं, मी कुठं चोरी केली!

नारळ ठेव म्हणतोस. दोन मिनिटांचं काम! तू ये आणि ठेव की तुझ्या डोक्यावर. न केलेल्याची माफी मी मागितली तर जन्मभर मी लिवलं असंच धरतील. आणि ज्या कुणी लिवलं त्याचं बोलणं पण खोटं पडेल. ठमाबाईच्या दारात पालखी न्हाय थांबत हे खरंय. त्या खऱ्याची माफी मी का मागू?

तू विचारलंस, लिवलंस का. एकदा सांगितलं न्हाय म्हणून. आता पुन्यांदा विचारलंस तर तुझ्या आईच्या घरी येऊन जवाब देईन.

तृतीया लांब हाय तरी वाळीत टाकायला सुरवात झाली. परवा दळण घेऊन गेले तर अनंता म्हणतो, "काकू, डबा ठेवा, पण दळण तृतीयेनंतर बघू." मी म्हटलं, "तुझी गिरणी विजेवर चालते का येसाजीवर?" तो हसला पण न्हाय. मान वळवून दुसऱ्याचे गहू ओतायला लागला. जो अनंता माझ्या हातचा सुका जवळा मागून खायचा. डबा उचलून मी तालुक्याला, तळ्याला गेले दळायला, एसटीनं. मानसीच्या सासरहून निरोप आला, "काय ऐकतोय ते खरं का?" त्यांना काय सांगू? फोनानं सांगितलं म्हणून?

मानसी नुसती लग्नाच्या साड्यांच्या घड्या घालते आणि पुन्हा उलगडते.

आता माझं एक ऐक. दिवाळीत तू आलास तेव्हा तुझ्या पिशवीत एकसारखे दोन खोके होते. एक मला दिलास. दुसरा कुठं गेला? मी विचारलं तर म्हणालास मंडळाचा हाय. मग गावात एकच फोन हाय असं दयाराम कशावर बोलला? एवढं शिकलायस, एवढा कागद काढून देतोस, तर तोच कागद नीट वाच. माझाच फोन हाय का न्हाय ते मला छातीठोक सांग. माझा असला तर मी घरातल्या एकेकाला धरते. माझा नसला तर दयारामाला धरते.

आळस करू नको. एकदा केलास तेवढा पुरे.

रखमाआत्या


ऐरोली
१८ एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. नमस्कार,

आत्या, तू सुटलीस! तुझं पत्र आलं आणि मी ऑफिसातून लवकर घरी येऊन बसलो. तुझं म्हणणं बरोबर निघालं. गावात तो फोन एक नाही, दोन आहेत. एकाच दुकानातून, एकाच दिवशी मी घेतले. एक तुझा. दुसरा मंडळाने पैसे दिले म्हणून घेतला, पालखीचे आणि उत्सवाचे फोटो वेबसाईटवर टाकायला. तो येसाजीकाकांच्या घरी दिलाय. दयारामकाकांना तो आठवलाच नसणार, कारण अध्यक्षाच्या घरावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येणार?

आता दोन्ही फोन सारखे, मग ओळखायचं कसं? ऐक. तुझा फोन मी स्वतः मराठीत लावून दिला होता, आणि तुला चष्म्याशिवाय दिसावं म्हणून सगळं मोठं करून ठेवलं होतं. म्हणून तुझा ब्राउझर दर वेळी मराठी मागतो, आणि सगळं मोठं केल्यामुळे पडद्याची रुंदी कमी सांगतो. त्या तक्रारीच्या नोंदीत मात्र भाषा इंग्रजी आहे आणि रुंदी पूर्ण. मंडळाचा फोन मी खोक्यातून काढून तसाच दिला होता. आणखीही एकदोन गोष्टी जुळतात. त्याच फोनवरून पाच मिनिटं आधी पालखीचे फोटो चढवलेत. शंकेला जागाच नाही.

येसाजीकाकांना तो फोन वापरता येत नाही. त्यांचा मुलगा स्वराज जहाजावर असतो. म्हणजे घरात तो फोन हाताळणारं माणूस एकच, त्यांची सून. प्रणालीवहिनी.

मी अजून कुणाला बोललो नाही. तृतीयेला मी स्वतः गावी येतो. लॅपटॉप आणतो, देवळाच्या भिंतीवर पडद्यावर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दाखवतो, सगळ्यांसमोर. दयारामकाकांना आणि येसाजीकाकांना तोंड लपवायला जागा उरणार नाही. तुझ्यावरचा डाग धुऊन निघेल आणि मानसीचं लग्न थाटात होईल. चूक माझी होती, ती मीच निस्तरतो.

आता तरी आशीर्वाद देशील ना?

तुझा,
ऋत्विक


पिंपळकोंड
२२ एप्रिल २०२५

ऋत्विक,

खबरदार लॅपटॉप घेऊन गावात पाऊल टाकलंस तर! भिंतीवर दाखवतोस? सिनेमा हाय का? एका बाईला सोडवायची आणि दुसरीला त्याच खुंटीला टांगायची, ह्याला तू निस्तरणं म्हणतोस?

पत्र वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. खोटं का बोलू? लई बरं वाटलं. चप्पल घातली, तुझं पत्र कमरेला खोचलं आणि सरळ येसाजीचं घर गाठलं. मनात म्हटलं, आज ह्याला त्याच्याच ओटीवर बसून त्याच्याच घरचं दाखवते.

येसाजी झोपाळ्यावर सुपारी कातरत होता. मला बघून म्हणतो, "काय रखमा, नारळ आत्ताच आणलास? तृतीयेपर्यंत धीर न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "नारळ न्हाय आणला. बातमी आणलीय."

तेवढ्यात प्रणाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. काखेत पोर. दीड वर्षाची ती पोर, जिला जन्मल्यापासून दोन महिने ठमाबाईनं तेल लावून न्हाऊ घातलं. येसाजीच्या बायकोला मरून वर्षं झाली, सुनेच्या बाळंतपणाला घरात दुसरी बाई नव्हती, तेव्हा हीच ठमाबाई चालली ह्यांना. मागच्या दारानं यायची. मला आत्ता कळलं त्या पोरीनं ते का लिवलं.

प्रणालीनं माझ्याकडं बघितलं. मग कमरेच्या कागदाकडं बघितलं. तांब्या हातात तसाच. पाणी पायावर सांडलं तरी तिला कळलं न्हाय.

येसाजी म्हणतो, "बोल की. कसली बातमी? आणि हे बघ, तुझ्या महिपतासारखा भोळा असतो तर मी पण गप ऱ्हायलो असतो. माझ्या घरात असली बाई निघाली असती ना, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत माहेरी बसवली असती. पोर इथं ठेवून."

पोर इथं ठेवून. कसं बोलला, सुपारीची खांडं मोजल्यासारखं.

मग मी काय केलं असेल? माझी जीभ माझ्या ताब्यात कधी असते? मी म्हटलं, "बातमी ही, की ते मीच लिवलंय."

त्याचा अडकित्ता थांबला. "पाडव्याला तर ओरडत होतीस, मी न्हाय मी न्हाय!"

"पाडव्याला तू विचारलंस कुठं? तू निकाल दिलास. आता मी सांगतेय. लिवलं, आणि पुन्हा लिवीन. पालखी ठमाबाईच्या दारात का न्हाय थांबत? तू जवाब दे, मग मी नारळ ठेवते. एक न्हाय, पाच ठेवते."

"रखमा, वाळीत पडशील!"

"पाड. नातीला न्हाऊ घालायला मागच्या दारानं ठमाबाई चालते, आणि देवाला पुढच्या दारानं तिच्याकडं जायला चालत न्हाय? तुझा देव तुझ्यापेक्षा सोवळा दिसतो."

म्हातारा उठून उभा राह्यला. अंगावर येईल असं वाटलं. आला न्हाय. प्रणाली दारातच होती, तिनं पोरीचं तोंड पदरात धरलं होतं आणि तिचं स्वतःचं तोंड पांढरं पडलं होतं. मी पाठ फिरवली आणि घरी आले. 

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "केलंस ते बरं केलंस, पण मला आधी सांगायचं तरी." मी म्हटलं, सांगून काय केलं असतं तुम्ही? तर म्हणाले, "मी पण आलो असतो." लग्नाला तीस वर्षं होत आली, हे वाक्य आत्ता निघालं तोंडातून. मला रागच आला.

लग्नाचं ठरलं. मानसीच्या सासऱ्याला मी सगळं खरं सांगितलं, प्रणालीचं सोडून. तो म्हणाला, मांडव तळ्याला घालू, गावकीची भांडी नकोत, भाड्यानं आणू. माझ्या अंगणात लग्न व्हायचं होतं, ते गेलं. लिंपून ठेवलेलं अंगण तसंच ऱ्हाणार. त्याचं मला काय होतंय ते तुला लिवणार न्हाय. हळदीला ठमाबाई येते म्हणाली. मानसी म्हणते, "आई, एका हातानं लावलेली हळद पण पिवळीच असते."

आणि तृतीयेला वाळीत टाकलंच, तर दुसऱ्या दिवशी मी तळ्याच्या पोलिस ठाण्यात. रत्नपाल मास्तर म्हणाले, वाळीत टाकणं गुन्हा हाय, त्याला सरकारनं कायदा केलाय. ते स्वतः सोबत येतायत. तक्रारीवर माझं नाव मी मोठ्या अक्षरात लिवणार हाय.

काल विहिरीवर प्रणाली माझ्या शेजारी येऊन उभी राह्यली.  माझा हंडा उचलून माझ्या डोक्यावर दिला. मी म्हटलं, "हो पलीकडं, लोक बघतायत." तरी तिथंच उभी. मला अशा वेळी काय करावं ते कळत न्हाय, म्हणून मी आणखी दोन शब्द वाकडे बोलले आणि चालू लागले.

आता तुझं काम. नीट वाच, पुन्हा समजावणार न्हाय.

तुझ्याकडं त्या पेटीचं जे काय साठलंय, कुणाचा फोन, कुठली भाषा, केवढी रुंदी, ते सगळं पुसून टाक. मंडळाच्या फोनचं आधी. दयारामाकडं जो कागद हाय तो तूच दिलास, तर तूच जाऊन परत आण. त्याच्या फोनात असेल तर त्याच्यासमोर बसून काढायला लाव. आज तो माझ्यावर थांबलाय. उद्या कुणी तरी तुझ्यासारखाच हुशार त्या कागदात भाषा आणि रुंदी बघेल, आणि मग माझं बोलणं त्या पोरीच्या काय कामाचं?

त्या पेटीवर लिवलंय ना, नाव द्यायची गरज न्हाय, ते पण काढ. न्हाय तर पुढं सरळ लिव की तुमचा ब्राउझर तुमची ओळख आम्हाला सांगतो, जपून लिवा. आणि त्याहून बरं, ती ओळख राखूच नको, पेटीत फक्त कागद पडू दे, कुणाच्या हातानं पडला ते पेटीला ठाऊक असायची गरज काय? तू म्हणतोस पान नीट दिसायला ते लागतं. पान दिसायला लागतं तर पान दिसलं की टाकून दे. माझ्याकडं पाहुणा आला तर पाय धुवायला पाणी देते, त्याच्या पावलाचा साचा काढून फडताळात ठेवत न्हाय.

आणि तुझी आत्या निर्दोष हाय हे कुणाला सांगायला जाऊ नको. तुझ्या आईला पण न्हाय. ती सांगते सगळ्या ऐरोलीला.

हे पत्र मानसीच्या हाती पाठवतेय. ती लग्नाच्या खरेदीला तुमच्याकडं येतेय, तिला ह्यातलं सगळं ठाऊक हाय. शनिवारी, सव्वीस तारखेला ती दुपारच्या एसटीनं परत निघणार. ती गाडीत बसायच्या आत तुझा जवाब लिवून तिच्या हातात पाहिजे. पुसलंस का, आणि दयारामाकडनं आणलंस का, दोनच गोष्टी. फोन करू नको. कारणं लिवू नको. शनिवारी मानसी रिकाम्या हातानं आली, तर रविवारी पहिल्या गाडीनं मी ऐरोलीत, आणि तुझ्या ऑफिसच्या दारात उभी राहून विचारीन, नाव सांगून.

रखमा महिपत, तुझी आत्या